गिअरबॉक्स गेला: दुरुस्ती करू की गाडी बदलू?

ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत आहे. गॅरेजनं मोठा आकडा सांगितला आहे आणि गाडी ठेवावी की काढावी, हे ठरत नाही. पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं दिली आहेत. एक गोष्ट सगळ्यांसाठी आधीच सांगतो. ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली आपल्याकडे चार निरनिराळी यंत्रं विकली जातात: एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र सांभाळतं), सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पुली आणि बेल्ट), टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे देणारा) आणि ड्युअल क्लच (दोन क्लच आलटून पालटून वापरणारा). त्यांचे आजार वेगळे, ऑइल वेगळं आणि खर्चही वेगळा. तुमच्या गाडीत यातलं कोणतं आहे हे माहीत करून घेतल्याशिवाय कोणाच्याही कोटेशनला हो म्हणू नका.

प्रश्न (नाशिक): माझी २०१६ची पेट्रोल सीव्हीटी गाडी ९२,००० किलोमीटर चालली आहे. ४० ते ६०च्या वेगात थरथरते. कसारा घाटात चढताना आरपीएम वर जातो, पण गाडी ओढत नाही. १५ मिनिटं थांबलं की पुन्हा नीट चालते. सर्व्हिस सेंटरनं ‘पूर्ण गिअरबॉक्स बदला, १,८५,००० रुपये’ असं सांगितलं. डीलर आहे त्या अवस्थेत गाडीचे १,६०,००० देतो. चांगल्या अवस्थेतली अशीच गाडी ३,४०,०००ला जाते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या निम्म्या किमतीच्या वर जातोय, म्हणजे विकावी का?

उत्तर: विकण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘१५ मिनिटं थांबलं की नीट चालते’ ही आहे. पुली आणि बेल्ट पूर्ण खराब झालेला गिअरबॉक्स विश्रांती घेऊन बरा होत नाही. सीव्हीटीचं ऑइल ठरावीक तापमानाच्या वर गेलं की कंट्रोल युनिट बेल्ट वाचवण्यासाठी इंजिनची ताकद मुद्दाम कमी करतं. तुम्हाला ते ‘गाडी ओढत नाही’ असं जाणवतं. तेव्हा पहिला प्रश्न ऑइल इतकं का तापतं, हा आहे.

कारणं बहुतेक वेळा दोन. एक, ९२,००० किलोमीटरमध्ये ऑइल एकदाही बदललेलं नसणं. सर्व्हिस बुक उघडून ‘सीव्हीटी फ्लुइड’ अशी नोंद आहे का ते पाहा. इंजिन ऑइलच्या नोंदी त्यात धरू नका. दोन, ऑइल कूलर चोंदलेला असणं. रेडिएटरच्या पुढे कूलर असेल तर त्याच्या जाळीत चिखल, किडे, पालापाचोळा असा काही गच्च बसतो की समोरून पाहिलं तरी पलीकडचं दिसत नाही. तो मऊ ब्रशनं आणि हलक्या पाण्यानं धुवावा लागतो. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि हवा आणखीच अडते.

आता तपासणीचा क्रम. आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावून सगळे कोड लिहून घ्या, पुसू देऊ नका. पी०७०० हा कोड फक्त ‘ट्रान्समिशनमध्ये तक्रार आहे’ एवढंच सांगतो. त्या कोडवर कोणी गिअरबॉक्स बदलायला सांगत असेल तर त्यानं तपासणी केलेलीच नाही. त्याच्या सोबतचा दुसरा कोड कामाचा असतो. उदाहरणार्थ पी०७७६ हा प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडचा (ऑइलचा दाब ठरवणारी विजेवरची झडप), पी०७४१ हा टॉर्क कन्व्हर्टरच्या (तो बऱ्याच सीव्हीटीतही असतो) लॉकअप क्लचचा. मग स्कॅनर लावलेला ठेवूनच गाडी चालवायला सांगा आणि तीन आकडे बघा: ऑइलचं तापमान, ऑइलचा दाब आणि दोन्ही पुलींचा वेग.

४० ते ६०मधली थरथर गिअरबॉक्सचीच असेल असंही नाही. एका सिलिंडरचा स्पार्क प्लग किंवा कॉइल कमजोर असली की भार पडल्यावर अगदी तशीच थरथर येते. इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या माउंटचं रबर फाटलं तरी येते. बॉनेट उघडून, पाय ब्रेकवर घट्ट ठेवून, डी आणि आर आलटून पालटून टाकायला सांगा आणि बाजूला उभे राहून इंजिन पाहा. ते चांगलंच उसळत असेल तर आधी माउंट. या दोन गोष्टी तपासायला अर्धा दिवसही लागत नाही.

हे सगळं ठीक निघालं तर ऑइल पॅन उतरवायला सांगा, आणि त्या वेळी तिथे हजर राहा. पॅनच्या तळाशी चुंबक असतात. त्यावर शेवाळासारखा करडा, मऊ लेप असणं साहजिक आहे. बोटांत चोळला तर तो काजळीसारखा पसरतो. बोटाला टोचणारे, चमकणारे तुकडे लागले तर बेल्ट, पुली किंवा बेअरिंग खरवडलं गेलं आहे. पॅन स्वच्छ असताना केलेली ‘पूर्ण बदला’ची शिफारस मान्य करू नका. तिथे कंपनीनं सांगितलेलंच ऑइल, फिल्टर, कूलरची सफाई आणि गरज पडल्यास व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल कुठे जायचं ते ठरवणारा झडपांचा भाग) एवढ्यावर काम भागू शकतं. सीव्हीटीत साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) कधीही घालू देऊ नका. पोलादी बेल्ट आणि पुली यांच्यातली पकड त्या खास ऑइलवर अवलंबून असते. चुकीच्या ऑइलवर बेल्ट घसरतो आणि पुलीवर कायमचे ओरखडे पडतात.

समजा तुकडे निघाले. तरीही १,८५,०००चा नवा गिअरबॉक्स हा एकमेव मार्ग नाही. स्वतंत्र ट्रान्समिशन तज्ज्ञाकडून ओव्हरहॉल (खोलून खराब पार्ट बदलणं) होतो, आपला देऊन त्याबदल्यात रिकंडिशन केलेला एक्स्चेंज युनिट मिळतो आणि जुना, उतरवलेला गिअरबॉक्सही मिळतो. ओव्हरहॉलचं कोटेशन पार्टवार लिहून घ्या: बेल्ट, पुली, बेअरिंग, सील किट, फिल्टर, ऑइल किती लिटर, मजुरी किती. काढलेले जुने पार्ट परत मागा. वॉरंटी जीएसटी बिलावर लिहून घ्या आणि त्यात मजुरी धरली आहे का ते विचारा. पार्टची वॉरंटी असते पण गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी तुमच्या माथी, असा प्रकार फार होतो.

आता हिशेब. ‘दुरुस्ती निम्म्या किमतीच्या वर गेली की विका’ हा नियम लोकांच्या तोंडी आहे, पण तो चुकीच्या दोन आकड्यांची तुलना करतो. तुमच्यापुढचा खरा प्रश्न, पुढची पाच वर्षं गाडी वापरायला कोणत्या मार्गानं किती लागतील, हा आहे. ओव्हरहॉलला १,२०,००० धरू. टायर, बॅटरी, सस्पेन्शन, ब्रेक यांना पाच वर्षांत आणखी ८०,०००. गाडी न विकल्यामुळे सोडलेले १,६०,०००. बेरीज ३,६०,०००. पाच वर्षांनी गाडीचे १,००,००० आले असं धरलं तर निव्वळ खर्च २,६०,०००, म्हणजे महिन्याला साधारण ४,३००.

दुसऱ्या बाजूला, रस्त्यावर येईपर्यंत ११,५०,००० लागणारी नवी गाडी. पाच वर्षांनी ती ५,५०,०००ला गेली तर किमतीतली घट ६,००,०००. त्यातल्या ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १६,६०० रुपयांच्या आसपास, आणि व्याजच जवळजवळ १,९६,०००. मिळून महिन्याला १३,३००च्या घरात. नव्या गाडीचा जादा विमा यात धरलेलाच नाही. सर्व्हिस सेंटरचा १,८५,०००चाच मार्ग घेतला तरी जुन्या गाडीचा महिना ५,४००पर्यंत जातो, त्यापुढे नाही.

हे गणित फिरतं कधी? इंजिन ऑइल खात असेल, मोठ्या अपघातात चासी वाकलेली असेल, किंवा समुद्रकाठच्या हवेनं खालचा पत्रा आणि सबफ्रेम गंजली असेल तर. म्हणून गिअरबॉक्सवर पैसे घालण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजून इंजिनची तब्येत पाहणं) करा आणि गाडी लिफ्टवर घेऊन तळ पाहा. तिथे दुसरा मोठा खर्च दिसला तर आहे त्या अवस्थेत विका आणि दोष सांगून विका.

प्रश्न (कोथरूड, पुणे): सहा वर्षांची एएमटी हॅचबॅक, ५८,००० किलोमीटर. चढावरच्या ट्रॅफिकमध्ये जळका वास येतो, पहिल्या गिअरमध्ये झटके बसतात. ‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे खर्चाचं घर, विकून टाक,’ असं सगळे म्हणतात.

उत्तर: विकू नका. एएमटीत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी एक ॲक्च्युएटर करतो, एवढाच फरक. मारुतीनं २०१४मध्ये सेलेरिओतून ही पद्धत आपल्याकडे स्वस्तात आणली ती याचमुळे. जळका वास क्लच प्लेटचा आहे. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर हलका देऊन गाडी जागेवर तोलून धरण्याची सवय असेल, तर प्लेट अर्धवट टेकलेल्या अवस्थेत घासत राहते. चढावर पाय ब्रेकवर किंवा हँडब्रेक वर, हा एकच उपाय.

काम काय करायचं? क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच लागते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे आहेत का ते तेव्हाच पाहून घ्या. त्यानंतरची पायरी रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये हमखास राहते: स्कॅनर लावून नव्या क्लचचं ‘लर्निंग’ करणं. प्लेट नेमकी कुठे टेकते हे ॲक्च्युएटरला नव्यानं शिकवावं लागतं. ते केलं नाही तर नव्या क्लचवरही गाडी तशीच झटके देते आणि मग ॲक्च्युएटरलाच दोष दिला जातो.

ॲक्च्युएटर तपासायचा असेल तर कान द्या. हायड्रॉलिक ॲक्च्युएटर असलेल्या बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की पंप ‘घुंऽऽ’ असा आवाज करून दाब भरतो आणि थांबतो. गाडी उभी असताना, गिअर न बदलताही तो दर थोड्या सेकंदांनी पुन्हा पुन्हा चालू होत असेल तर दाब टिकत नाही. ॲक्युम्युलेटर (दाब साठवून ठेवणारा भाग) कमजोर आहे किंवा गळती आहे. ॲक्च्युएटरच्या छोट्या टाकीतलं ऑइलही बघा. आणि बॅटरी चार वर्षांपेक्षा जुनी असेल तर आधी तिचं टेस्टिंग करा. व्होल्टेज पडलं की गिअर लागत नाही आणि नुसता ‘एन’ लुकलुकतो.

प्रश्न (मडगाव): लिव्हर ‘पी’मधून हलतच नाही. गिअरबॉक्स जॅम झाला का?

उत्तर: कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा. ब्रेकलाइट लागत नसतील तर पेडलवरचा स्विच किंवा त्याचा फ्यूज गेला आहे. पाय ब्रेकवर आहे हे गाडीला कळल्याशिवाय लिव्हर सुटत नाही. बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी एक छोटं झाकण असतं. हँडब्रेक ओढा, इग्निशन चालू करा, ब्रेक दाबा, झाकणाखालच्या खाचेत किल्ली किंवा स्क्रू ड्रायव्हर दाबून लिव्हर ‘एन’मध्ये घ्या. मागचे दिवे लागत नसताना तशीच लांब चालवू नका, आधी स्विच बदला. दिवे लागत असतील आणि गाडी उतारावर असेल तर तिचा सगळा भार पार्किंगच्या खटक्यावर आला आहे. पुढे उतारावर लावताना आधी ‘एन’मध्ये हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून गाडी त्यावर बसू द्या आणि मगच ‘पी’ टाका.

प्रश्न (ठाणे): १३ वर्षांची टॉर्क कन्व्हर्टर सेडान, १,४०,००० किलोमीटर. गिअर नीट पडतात. ट्रान्समिशन ऑइल कधीच बदललं नाही. मेकॅनिक म्हणतो, ‘आता हात लावू नका, नवीन ऑइल टाकलं की गिअरबॉक्स बसेल.’ शिवाय दोन वर्षांत गाडी १५ वर्षांची होईल, मग ती भंगारातच जाणार ना?

उत्तर: मेकॅनिकच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. गिअरबॉक्स आधीच घसरत असेल, ऑइल काळं आणि करपलेल्या वासाचं असेल, तर नव्या ऑइलनं तो सुधारत नाही. काही दिवसांनी बसला की दोष ऑइलवर येतो. पण तुमचे गिअर नीट पडतात. अशा गाडीचं ऑइल बदलायलाच हवं. फक्त मशीन लावून एकदम फ्लश (सगळं जुनं ऑइल एका दमात ढकलून काढणं) करू देऊ नका.

गाडी लिफ्टवर पूर्ण समपातळीत घ्या. ऑइल काढून मापात धरा. एकूण सात-नऊ लिटरपैकी एका वेळी तीन-चार लिटरच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. पॅन उतरवून फिल्टर बदला, चुंबक पुसा, नवी गॅस्केट लावा. जेवढं निघालं तेवढंच नवं घाला. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तसंच, आणि आणखी ५००नंतर तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला निघणारं ऑइल लाल दिसायला लागतं.

ऑइल कोणतं, हे मॅन्युअलमध्येच पाहा. टोयोटाचं जुनं टी-४ आणि नंतरचं डब्ल्यूएस ही दोन्ही लालच दिसतात, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. डिपस्टिक नसलेल्या गाडीत पातळी मोजायची ती इंजिन चालू ठेवून, ऑइल कंपनीनं दिलेल्या तापमानाला असताना, ओव्हरफ्लो प्लग उघडून. बऱ्याच गाड्यांत ते ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. गरम गाडीत घाईनं मोजलं की फुगलेलं ऑइल वाहून जातं आणि थंड झाल्यावर पातळी कमी भरते. बदलल्यानंतर गिअर उशिरा लागायला लागले तर आधी हीच पातळी पुन्हा मोजून घ्या.

१५ वर्षांबद्दल: दिल्लीतल्या बंदीच्या बातम्यांनी इकडेही घबराट आहे. महाराष्ट्रात खासगी गाडी १५ वर्षांची झाली म्हणून आपोआप भंगारात जात नाही. मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत फॉर्म २५वर नूतनीकरणाचा अर्ज करायचा, गाडीची तपासणी होते, पर्यावरण कर भरायचा, आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढते. १५ ते २० वर्षांच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये आहे. तेव्हा ‘दोनच वर्षं राहिली’ असं धरून ऑइलचा खर्च टाळू नका.

प्रश्न (कोल्हापूर): पुराचं पाणी सीटपर्यंत आलं. मुलानं दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करून पाहिली, सुरू झाली. आता ‘डी’ टाकल्यावर तीन सेकंदांनी गाडी हलते. विमा आहे. काय करावं?

उत्तर: आता ती सुरू करू नका, एक किलोमीटरही चालवू नका. गिअरबॉक्सला श्वास घेण्यासाठी वरच्या बाजूला ब्रीदर असतो, त्यातून पाणी आत जातं. ऑइल काढलं आणि ते स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, दुधाळ निघालं तर आत पाणी आहेच. क्लच प्लेटवरचं अस्तर कागदी जातीचं असतं. ते पाण्यानं फुगतं, त्याचा गोंद सुटतो आणि अस्तराचे तुकडे व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन अडकतात. इंजिन एकदाही फिरलं नसतं तर दोन-तीनदा ऑइल बदलून वाचण्याची शक्यता होती. दुधाळ ऑइलवर चाललेला गिअरबॉक्स उघडावाच लागतो.

विमा कंपनीला आजच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत काही खोलू देऊ नका. पॉलिसीत इंजिन-गिअरबॉक्स प्रोटेक्ट कव्हर आहे का ते पाहा. ते नसेल तर पाण्यात गेलेली गाडी सुरू केल्यामुळे झालेलं नुकसान ‘परिणामी नुकसान’ म्हणून नाकारलं जातं. गाडी सुरू केली होती हे लपवू नका. आतले पार्ट पाहून ते सर्व्हेअरला कळतंच, आणि खोटी माहिती दिल्यानं उरलेला दावाही अडचणीत येतो. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर धातूच्या पार्टवर घसारा कापला जातो: गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के. रबर आणि प्लॅस्टिकवर ५० टक्के.

आता आकडा पाहा. दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेली गाडीची विमा किंमत) ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. सीटपर्यंत बुडालेल्या गाडीत गिअरबॉक्सशिवाय वायरिंग हार्नेस, एअरबॅग मॉड्यूल, एबीएस आणि कार्पेटखालचे कनेक्टर यांचीही बिलं येतात. ती सगळी पहिल्याच अंदाजपत्रकात लिहून घ्या. फक्त गिअरबॉक्सचा अंदाज दिला तर खर्च ७५ टक्क्यांच्या आत दिसतो, दुरुस्ती मंजूर होते, आणि दिवाळीनंतर कनेक्टर हिरवे पडायला लागले की तो खर्च तुमचा. तुमच्या गाडीबाबत आमचं मत टोटल लॉसच्या बाजूनं आहे.

गाडी वर्कशॉपला न्यायची ती फ्लॅटबेडवर, म्हणजे चारही चाकं वर घेणाऱ्या ट्रकवर. दोर बांधून टोचन करू नका. इंजिन बंद असताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ऑइल पंप फिरत नाही, पण चाकांबरोबर आतले भाग कोरडे फिरत राहतात. टोइंगवाला ‘न्यूट्रलमध्ये टाका, काही होत नाही’ म्हणाला तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची निदान पुढची दोन्ही चाकं तरी उचलून घ्यायला लावा आणि मागचा हँडब्रेक सुटलाय का ते पाहून मगच निघू द्या.